अगोदर कान, मग वाद्य
(देवालयाच्या अग्रशाळेतील मुलांच्या संगीतवर्गाच्या प्रारंभप्रसंगी पालकांपुढे केलेले भाषण)



 येत्या विजयादशमीपासून देवालयाच्या अग्रशाळेत मुलांसाठी संगीतवर्ग सुरू करण्याचे समितीने ठरविले, ही आपणां सर्वांच्या आनंदाची गोष्ट आहे. मात्र या प्रसंगी बोलण्यासाठी एखाद्या गवयाला पाचारण न करता एका निवृत्त कारकुनाला उभे का केले, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्याचे उत्तर साधे आहे. गेले दोन आठवडे या वर्गाचे प्रवेश-अर्ज स्वीकारण्याचे काम माझ्याकडे होते. तेवढाच माझा अधिकार.

अर्ज हाती आला की त्यातील कोणता रकाना भरला आहे आणि कोणता रिकामा आहे, याकडे कारकुनाची नजर प्रथम जाते. आपल्या अर्जात मुलाचे नाव, वय, पालकाचे नाव हे रकाने सर्वांनी चोख भरले आहेत. गायन, हार्मोनियम आणि तबला यांपैकी एकावर खूणही केली आहे. परंतु ‘पाल्याची आवड’ या रकान्यात बहुतेकांनी आडवी रेघ मारली आहे, किंवा तो तसाच सोडला आहे. त्याच वेळी जवळजवळ प्रत्येकाने मला तोंडी विचारले, “आमच्या मुलाला कशात घालावे?” कोणी म्हणाले, जे लवकर येते ते द्या. कोणी विचारले, परीक्षेचे प्रमाणपत्र केव्हा मिळते. एका आजींनी मात्र वेगळाच प्रश्न केला : “आमचा नातू आरतीला झांज सोडत नाही, याला काय शिकवायचे?” माझ्या मते खरे उत्तर त्या आजींच्या प्रश्नातच होते. त्याचाच विस्तार आज करावयाचा आहे.

तथापि दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःचा हिशेब मांडणे योग्य. मला लहानपणी गाणे शिकण्याची फार इच्छा होती, ती पुरी झाली नाही. पुढे माझी मुलगी सात वर्षांची झाली, तेव्हा तिला काय आवडते हे न विचारता मी तिला गायनाच्या वर्गात घातले. खरे म्हणजे ती घरात डबे, परात, पाट, जे सापडेल त्यावर बोटे वाजवीत असे. चतुर्थीला घुमट वाजू लागला की ती जेवण सोडून उठे. हे सर्व मी पाहत होतो, आणि ‘मुलीच्या जातीला हे काय’ असे म्हणून हसण्यावारी नेत होतो. वर्गात ज्या पट्टीत सगळी मुले गात, ती तिच्या गळ्याला फार खाली पडे. मी ते कधी विचारले नाही. परीक्षेमागून परीक्षा झाल्या, प्रमाणपत्रे मी चौकटीत बसवून भिंतीवर लावली. चार वर्षांनी वर्ग सुटला, आणि त्यानंतर आमच्या घरात तिने कधी काही गुणगुणल्याचे मला आठवत नाही. तिच्या शिक्षकांना मी दोष देत नाही. दोष माझा होता. मी मुलीला गाणे शिकविले नाही, माझी राहून गेलेली हौस तिच्याकडून वसूल केली.

आता तिची मुलगी सहा वर्षांची आहे. या वर्गाची वार्ता मी मोठ्या उत्साहाने कळविली, तेव्हा मुलगी म्हणाली, “बाबा, अर्ज भरू नका. आधी तिला नुसते ऐकू द्या.” सगळ्यांचे अर्ज घेणाऱ्या माझ्या हातून तो एक अर्ज अद्याप भरला गेलेला नाही. आणि मला वाटते, तेच बरोबर आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. लहान मुलाला संगीत शिकवावयाचे म्हणजे प्रथम काय शिकवावयाचे? आपल्या गोमंतकात याचे उत्तर दोन परंपरांनी दिलेले आहे, आणि नवल असे की दोन्हींचे उत्तर एकच आहे.

पहिली परंपरा देवालयांची. चौघड्याचे वादन, सनई, पालखीपुढील भजन, कीर्तन, शिगम्यातील घुमट, शामेळ व कांसाळे यांची सुवारी, हे सर्व मुलाच्या कानी कोणी ‘शिकविण्यापूर्वीच’ पडत असे. मंगेशीच्या परिसरात १९०० साली दीनानाथ मंगेशकर जन्मले आणि १९२९ साली जितेंद्र अभिषेकी जन्मले. अभिषेकींचे वडील कीर्तनकार होते आणि संगीताचे पहिले धडे त्यांना वडिलांकडूनच मिळाले. पुढे ते गिरिजाबाई केळेकरांकडे शिकले आणि नंतर जगन्नाथबुवा पुरोहितांसारख्या थोर गुरूंपर्यंत पोहोचले. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर (१८७९ ते १९५३) यांच्या घराण्यात सारंगी होती. परंतु हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून दाखविण्याची त्यांची कीर्ती ज्या लयीमुळे झाली, ती कोणा वाद्याच्या मालकीची नव्हती, ती अंगात भिनलेली होती.

दुसरी परंपरा आपल्या ख्रिस्ती बांधवांची. चर्चला जोडलेल्या शाळांतून शेकडो वर्षे मुलांना प्रथम स्वर ओळखून तोंडाने म्हणावयास आणि लिहिलेले स्वर वाचावयास शिकवीत. व्हायोलिन हाती येई ते त्यानंतर. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२) हे अशाच घरातील. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत नावाजलेल्या या वादकाकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्याने ज्यांचे नाव घरोघरी नेले, ते हेच गुरू.

देवालय असो वा चर्च, क्रम एकच आहे : अगोदर कान, मग गळा, आणि शेवटी वाद्य. आपण आज हा क्रम उलटा केला आहे. अगोदर दुकानात जाऊन वाद्य आणतो, मग वर्ग शोधतो, आणि मुलाला स्वर ऐकू येतो की नाही, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलणे महाजनांच्या या सभेत मला कर्तव्य वाटते. ज्या संगीताचा आपण एवढा अभिमान बाळगतो, ते या देवालयांतून पिढ्यान्‌पिढ्या कोणी जिवंत ठेवले? देवसेवेत असलेल्या कलावंत घराण्यांनी. आपल्या घरांतील लोक सभामंडपात बसून ते ऐकत, मान डोलावीत. पण आपल्या मुलींना ते शिकू देत नसत, आणि शिकविणाऱ्यांना योग्य तो मान देत नसत. केरीच्या केसरबाई केरकर (१८९२ ते १९७७) आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (१९०४ ते २००१) यांनी गोमंतकाचे नाव सर्व हिंदुस्थानात केले. केसरबाईंच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका तर १९७७ साली ‘व्हॉएजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. त्यांच्या गावच्या देवळांत मात्र त्यांच्या समाजाला कोणती वागणूक मिळत होती, हे आपण विसरू नये. माझ्या घरात ‘मुलीच्या जातीला तबला कशाला’ हे जे वाक्य उच्चारले गेले, त्याचे मूळही तेथेच आहे.

केसरबाईंचे शिक्षण पाहिले तर आणखी एक धडा मिळतो. आठव्या वर्षी त्यांना कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांची तालीम काही महिने मिळाली. गोव्यास परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे त्या शिकल्या. मग आणखी गुरू झाले, आणि १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांची दीर्घ तालीम सुरू झाली. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर त्यांना आपला खरा गुरू लाभला! आणि आपण सहा वर्षांच्या मुलाने पहिल्याच वर्षी काय ते ठरवावे, अशी अपेक्षा करतो. लहानपणीची पहिली निवड ही अखेरची निवड नसते. ती चुकली तरी चालेल. मात्र ती चुकली म्हणून मुलाचा कान मिटता कामा नये.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. त्या मी जाणत्या शिक्षकांना विचारून आणि स्वतःच्या चुकांतून गोळा केल्या आहेत.

सहा वर्षांखालील मुलाला कोणत्याही वाद्याच्या वर्गात घालण्याची घाई करू नये. त्याला झांज द्यावी, टाळीने ठेका धरावयास सांगावे, आरतीत मोठ्याने म्हणू द्यावे. पालखीच्या भजनाला पुढे बसवावे. ते मूल मध्येच उठून खेळावयास गेले तर रागावू नये. खेळतानाही त्याचे कान येथेच असतात.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांनी मिळून गावे. एकट्याला उभे करून ‘गाऊन दाखव’ म्हणू नये. येथे पट्टीचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पुरुष शिक्षक काळी एक किंवा काळी दोनमध्ये गात असेल, तर ती पट्टी मुलाची नव्हे. मूल जेथे सहजपणे षड्ज लावते, ती त्याची पट्टी. तिच्या खाली त्याला ओढले तर आवाज घशात अडकतो, आणि वर ताणले तर मूल ओरडू लागते. मुलगे बारा-चौदा वर्षांचे झाले की आवाज फुटतो. त्या काळात गळ्यावर जोर देऊ नये. हा अपयशाचा काळ नव्हे, निसर्गाचा आहे. त्या वर्षा-दोन वर्षांत ऐकणे, ताल आणि एखादे वाद्य यांवर भर द्यावा.

हार्मोनियमविषयी गैरसमज असा की, पट्टी दाबली की सूर येतो, म्हणून ती सोपी. पट्टी दाबली की सूर येतो हे खरे, पण तो कानाने शोधावा लागत नाही, हीच तिची अडचण आहे. तिच्या पट्ट्या ठरावीक अंतरावर जुळविलेल्या असतात. आपल्या रागांतील बारीक श्रुतिभेद आणि मींड तिच्यात उमटत नाहीत. याच कारणावरून १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर तिला मज्जाव होता. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. भजनाला आणि नाट्यगीताला तिच्याशिवाय शोभा नाही, आणि स्वरलिपी समजून घेण्यास ती फार उपयोगी आहे. मात्र ती शिकणाऱ्या मुलाने रोज थोडा वेळ तंबोऱ्यावर नुसता षड्ज लावावा, म्हणजे बोटांबरोबर कानही तयार होतो. घरी तंबोरा नसेल तर विजेवर चालणारा तंबोरा असतो, आणि आता मोबाइल फोनवरही त्याची सोय झाली आहे. या नव्या साधनाला नाक मुरडण्याचे कारण नाही.

तबला हवा असणाऱ्या मुलाच्या तळव्याकडे पाहावे. हात अगदी लहान असेल तर मोठ्या डग्ग्यावर मनगट टेकवून घुमारा काढणे त्याला जड जाते. बसण्याची उंची आणि जोडीचा आकार शिक्षकांकडून ठरवून घ्यावा. तोवर बोल तोंडाने म्हणावे आणि हातावर टाळी-खाली दाखवावी. ज्याला बोल तोंडपाठ आहेत, त्याच्या बोटांना ते पुढे लवकर सापडतात. आणि मुलगी म्हणून तबला नाकारू नये. बासरी लहान मुलाला द्यावयाची तर आखूड, वरच्या पट्टीची द्यावी. लांब बासरीची छिद्रे इवल्या बोटांना पुरत नाहीत. व्हायोलिन मुलांच्या मापाचे लहानही मिळते. ते घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की त्यावर सूर आपणच शोधावयाचा असतो. सुरुवातीचे काही महिने घरच्यांनाच संयम ठेवावा लागतो. सतारीला मात्र अंगाने थोडे मोठे होईपर्यंत थांबावे.

आणि घुमट! आपले हे मातीचे वाद्य २०१९ साली गोवा शासनाने राज्याचे वारसा-वाद्य म्हणून घोषित केले. पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते बंद झाले, आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. ज्या मुलाला आरतीचा ठेका आपोआप सापडतो, त्याला प्रथम घुमट हाती द्यावयास काय हरकत आहे? आमच्या अर्जात तो रकाना नव्हता. समितीने तो वाढवावा, अशी माझी विनंती आहे.

वाद्यापेक्षाही शिक्षकाची निवड अधिक महत्त्वाची. वर्गात नाव घालण्यापूर्वी पालकाने एकदा मागे बसून शांतपणे पाहावे. शिक्षक स्वतः मुलांबरोबर गातो किंवा वाजवितो काय? चूक झाली तर ती हसून पुन्हा करून घेतो, की चारचौघांत लाजवितो? मुलाच्या गळ्यासाठी पट्टी बदलतो काय? वर्ग सुटल्यावर मुले गुणगुणत बाहेर पडतात काय? यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर तो शिक्षक तबल्याचा आहे की गायनाचा, हे मी फारसे पाहणार नाही. ‘आवडता विषय आणि नावडता शिक्षक’ यापेक्षा ‘दुसऱ्या पसंतीचा विषय आणि आवडता शिक्षक’ हे मुलाला पुष्कळ लाभते. पालकांचेही एक कर्तव्य आहे. शिक्षकाचे मानधन ठरल्या तारखेला द्यावे, मुलांसमोर त्याच्याविषयी हलके बोलू नये, आणि त्याला ‘बुवा’ किंवा ‘बाई’ म्हणून आदराने हाक मारावी. मागील पिढ्यांनी कलावंतांच्या बाबतीत जी उणीव ठेवली, तिची थोडीतरी भरपाई आपण अशी करू शकतो.

परीक्षांबद्दल पुष्कळांनी विचारले. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले आणि सामान्य घरातील मुलामुलींना संगीताचे दार उघडले. पंडित भातखंड्यांनी क्रमिक पुस्तके रचून विखुरलेली विद्या शिस्तीत आणली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही पायऱ्यांची व्यवस्था याच प्रयत्नांतून उभी राहिली आणि तिचे उपकार मोठे आहेत. परंतु पायरी ही वर चढण्यासाठी असते, तिच्यावर बसून राहण्यासाठी नसते. पहिली दोन वर्षे परीक्षेचा विचारच करू नये. पुढे मूल स्वतः उत्सुक असेल तर जरूर बसवावे. दूरदर्शनच्या वाहिन्यांवर लहान मुले मोठ्यांची गाणी मोठ्यांच्या आविर्भावात गातात आणि टाळ्या घेतात. त्यांचे कौतुक करावे, पण आपल्या मुलाची तुलना त्यांच्याशी करू नये.

रियाझ किती करावा? लहान मुलाला रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. पण ती रोज हवीत, आणि त्या वेळी आई, बाबा किंवा आजी यांपैकी कोणीतरी जवळ बसलेले हवे. हातातला फोन बाजूला ठेवून बसावे, म्हणजे आपण ऐकत आहो हे मुलाला कळते. मूल मध्येच ‘नको’ म्हणू लागले तर काय करावे? एक वर्ष नियमाने जावयाचे, हे आरंभीच मुलाशी बोलून ठरवावे. वर्षअखेर मोकळेपणाने विचारावे. कंटाळा रियाझाचा आहे की संगीताचा, हे ओळखावे. रियाझाचा कंटाळा सर्वांना येतो आणि जातो. परंतु जे मूल एरवी गुणगुणत असे ते गप्प झाले, तर वर्ग, शिक्षक किंवा विषय, काहीतरी बदलावयास हवे. ती खूण मी ओळखली नाही, म्हणून ती आपल्याला विशेषकरून सांगतो.

समितीला माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, हा वर्ग केवळ महाजनांच्या मुलांपुरता न ठेवता गावातील सर्व मुलांसाठी खुला असावा. ज्यांच्या आजी-पणजींच्या स्वरांनी हा सभामंडप भरून गेला, त्यांच्या नातवंडांना येथे सन्मानाने बसता आले पाहिजे. दुसरी, आरंभीचे तीन महिने कोणालाही कोणत्याच वाद्याला बांधू नये. सर्व मुलांनी एकत्र ऐकावे, गावे, टाळ्या द्याव्यात, प्रत्येक वाद्याला एकदा हात लावावा, आणि नंतर ‘पाल्याची आवड’ हा रकाना पालकांनी नव्हे, मुलांनी भरावा. तिसरी, पालखीच्या रात्री भजनाच्या पुढल्या ओळीत मुलांसाठी सतरंजी घालावी.

मी कागदपत्रांत आयुष्य घालविलेला माणूस आहे. रिकामा रकाना दिसला की तो भरून टाकावा, ही सवय हाडीमासी खिळलेली. पण काही रकाने रिकामे ठेवून वाट पाहावी लागते, हे फार उशिरा कळले. माझी नात येत्या सोमवारी पालखीला येणार आहे. मी तिला काही विचारणार नाही. तिच्याजवळ बसून मीही ऐकणार आहे. आपणही आपापल्या मुलांना घेऊन यावे.

श्रींची कृपा या मुलांवर राहो.